ताईच्या गाडीचा पोचा

मित्रांनो, माझे झाकण उघडताना जरा जपून. ते एका बाजूने वाकले आहे आणि जोर लावला की असे किंचाळते की शेजारचे कुत्रे उठून बसते. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. गोल, तांबडा आणि जन्माने बिस्किटांचा. झाकणावर दोन हरणे छापली होती. त्यांतले एक पार पुसून गेले आणि दुसऱ्याचे पायच तेवढे उरले. पण तुम्ही माझ्या रूपावर जाऊ नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याचा मोठा ताव यंत्राखाली जायचा, धाडकन आवाज व्हायचा आणि आमच्यापैकी एक जण बाहेर पडायचा. त्या दिवशी माझ्यासारखे काही हजार तरी जन्मले असतील, म्हणून मी त्याचा फार गाजावाजा करत नाही. मग बिस्किटे आली, दुकान आले आणि कुणीतरी भेट म्हणून मला एका घरात नेऊन दिले. बिस्किटे दोन दिवसांत फस्त झाली. डब्याच्या आयुष्यातला हा फार कठीण काळ असतो. रिकाम्या डब्याकडे घरातली माणसे ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

मला वाचवले ते घरच्या धन्याने. हे गृहस्थ कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर वेगळे आणि हे वेगळे. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवत आणि हे आपल्या खोलीत बसून त्या साच्यावर आधी मेणाची आणि मग पक्क्या मालाची कवळी घडवत. सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. दिवसभर लोकांचे दात घासूनपुसून झाले की काका हात धुवायचे, टेबलावर स्वच्छ कापड पसरायचे आणि मोटारगाड्या बनवायला बसायचे. खऱ्या नव्हे. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या, तळहातावर मावतील अशा.

यातली गंमत अशी, की काकांना खरी गाडी चालवता येत नव्हती. त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता. गाडी रस्त्याच्या मधोमध आली आणि काका स्टिअरिंग सोडून पुढच्या बटणांचे माप घेऊ लागले. ताईंनी त्याच क्षणी नाद सोडला.

छोट्या गाडीचे भाग खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले येतात. काका ते एकेक करून कापून सुटे करत, कानशीने कडा घासत, आधी राखाडी अस्तर देत आणि मग रंगाचे पातळ हात चढवत. इंजिनातल्या वायरी त्यांनी जुन्या टेलिफोनच्या तारेतून काढल्या. सीटचे पट्टे काकूंच्या जुन्या फितीतून कापले. टायरवर बसवायची धूळसुद्धा ते रस्त्यावरून गोळा करून पायमोज्यातून चाळून घेत. काकू म्हणायच्या, "मी घरातली धूळ काढते आणि हे बाहेरची आणतात."

अशा प्रत्येक खोक्यात काही भाग जास्तीचे असतात. बंपर दोन, चाकांच्या टोप्या दोन तऱ्हेच्या, स्टिअरिंग दोन. एक लागते, एक उरते. ते उरलेले काका माझ्या पोटात टाकत आणि दर वेळी तेच दोन शब्द बोलत, "लागेल कधीतरी." बिघडलेले भागही माझ्याकडेच येत. एकदा त्यांनी ताईंच्या गाडीसारखीच एक गाडी पार बिघडवली होती. घाईघाईत काचा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावल्या. त्या गोंदाची वाफ काचेवर बसली आणि समोरची काच पांढरीफटक पडली. ती काढायला गेले तर टपाला चीर गेली. गाडी तेव्हा नुसत्या राखाडी अस्तरातच होती. काकांनी कपाळाला हात लावला, दोन दिवस तिला टेबलावर तशीच पडू दिली आणि मग तीही माझ्यात ठेवली. मला विचाराल तर ते माझे वैभवाचे दिवस होते. माझ्यात सदतीस चाके होती आणि त्यांतल्या एकाचीही जोडी जमत नव्हती.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. काका चिमट्यात तांदळाच्या कणीएवढा बाजूचा आरसा धरून बसले होते. चिमटा निसटला, टक् असा आवाज झाला आणि आरसा उडाला.

"हलू नकोस!" काका ओरडले.

काकू दारात होत्या. त्यांचा एक पाय उंबऱ्याच्या आत आणि दुसरा हवेत होता.

"अहो, पाय तरी टेकू द्या!"

"आधी खाली बघ, मग टेक."

मग दोघांनी गुडघ्यांवर बसून विजेरीच्या उजेडात सगळी खोली पालथी घातली. तीन दिवस घरातला केर काकांच्या परवानगीशिवाय बाहेर गेला नाही. काका काकूंच्या चपलांचे तळवे तपासायचे आणि संशयाने बघायचे. चौथ्या दिवशी जेवताना काकू म्हणाल्या, "तुमच्या कोपराला ते काय चकाकतंय?" आरसा तीन दिवस त्यांच्याच स्वेटरच्या कोपराला गोंदाने चिकटून साऱ्या घरभर हिंडत होता. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. काका मुकाट्याने उठले आणि त्यांनी स्वतः सगळे घर झाडून काढले.

पण दिवस सारखे राहत नाहीत. काकांच्या वाढदिवसाला काकूंनीच एक प्लॅस्टिकची पेटी आणली. तिला चाळीस छोटे खण होते आणि प्रत्येकावर चिठ्ठी होती. चाके इथे, दिवे तिथे. माझ्यातले चांगले भाग निवडून त्या पेटीत गेले. मोडकेतोडके तेवढे माझ्याकडे राहिले आणि मला कपाटाच्या वर ठेवण्यात आले. शेजारी एक मोडकी छत्री होती, तीही फारशी बोलकी नव्हती. मी खोटे बोलणार नाही, मला त्या पेटीचा फार राग यायचा. काका तिचे खण उघडायचे तेव्हा साधा आवाजही होत नसे. पाच वर्षे मी वरून सगळे बघत राहिलो. जे पुढे घडले ते बहुतेक मी तिथूनच पाहिले आणि ऐकले.

ताई दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहत. त्या परिचारिका होत्या. तीस वर्षे आपल्या छोट्या निळ्या गाडीतून घरोघरच्या आजाऱ्यांना सुया टोचत, जखमा बांधत आणि तक्ता दाखवून डोळे तपासत हिंडल्या. निवृत्त झाल्या तरी गाडी सुटली नाही. दर गुरुवारी त्या फाटकाशी येऊन दोनदा हॉर्न वाजवत आणि काका-काकूंना बाजारात घेऊन जात. त्या निळ्या गाडीचे एक दार राखाडी होते. जुने दार गंजून गेले तेव्हा ताईंनी भंगारातून दुसरे आणून बसवले आणि रंग देण्याचे काम पुढच्या महिन्यावर ढकलले. त्या पुढच्या महिन्याला अकरा वर्षे झाली होती.

एका गुरुवारी काका रडवेले तोंड करून घरी आले. ताईंनी स्वतःच्याच फाटकाच्या खांबावर गाडी घातली होती. उजवे मडगार्ड आत गेले होते. ताई म्हणाल्या, खांबच पुढे आला असेल. शेजारच्या सीटवर बसलेले काका हसले नाहीत. त्यांनी खांब चांगला दहा पावलांवरून पाहिला होता आणि ताईंनी तो शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात परवान्यासाठी ताईंचे डोळे तपासायचे होते. काका सोबत गेले. घरी आल्यावर त्यांनी काकूंना सगळे सांगितले. ताईंनी डावा डोळा झाकून अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत धडाधड वाचला. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचे नाव होते, तेही सांगितले. डॉक्टर खूश होऊन सही करायला निघाले.

"मग?" काकूंनी विचारले.

"मग मी म्हटलं, डॉक्टर, ताईला हा तक्ता पाठ आहे. तिनं तीस वर्षं लोकांना तोच तर दाखवलाय. दुसरा लावा."

"आणि दुसरा लावला?"

"लावला. तिला पहिलं अक्षरसुद्धा आलं नाही." काका खुर्चीत बसले. "उजव्या डोळ्यानं तिला काहीच दिसत नाही गं. तिनं किल्ली माझ्या हातावर आपटली. म्हणाली, सख्खा भाऊ असून घरभेदीपणा केलास. आणि चालत निघून गेली."

त्या दिवसापासून ताईंनी काकांशी अबोला धरला. काकूंशी बोलायच्या, पण काका समोर आले की खिडकीबाहेर बघायच्या. फोन काकांनी उचलला तर ठेवून द्यायच्या. गुरुवार आला की काका उगीच फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. एवढा मोठा माणूस, केस पिकलेले, पण बहीण बोलत नाही म्हणून अर्धे ताट तसेच ठेवून उठायचा. मला वरून ते बघवत नव्हते.

मग कळले की ताईंनी गाडी एका ओळखीच्या तरुण सुइणीला देऊन टाकायचे ठरवले आहे. काका उठले, मापाची पट्टी घेतली आणि ताईंच्या अंगणात जाऊन दिवसभर गाडीचे माप घेत बसले. पडद्याआडून ताई बघत होत्या, पण बाहेर आल्या नाहीत. काकांनी त्याच गाडीचे खोके कुठूनतरी मिळवले आणि महिनाभर जीव ओतून काम केले. रंग असा चढवला की त्यात खिडकीचे गज दिसावेत. निळी, चकचकीत, नवी कोरी गाडी. चारही दारे निळी. काकांच्या हातून इतके सुबक काम याआधी झाले नव्हते, हे मी मत्सर बाजूला ठेवून सांगतो.

काका-काकू ती घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत आले. गाडी काकांच्या हातातच होती.

"काय म्हणाली ते ऐकलंस ना?" काका म्हणाले. "माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुला म्हणाली, तुझ्या नवऱ्याला सांग, गाडी सुरेख आहे, पण ही माझी नाही."

"खोटं काय बोलल्या त्या?"

"म्हणजे?"

"अहो, तुम्ही म्हाताऱ्या माणसाची कवळी करता तेव्हा विशीतले पांढरेशुभ्र दात बसवता का? मुद्दाम एखादा दात वाकडा लावता. रंग जरा पिवळट ठेवता. का? तर त्या माणसाला ते दात आपले वाटावेत. जगासाठी एवढा विचार करता आणि बहिणीला मात्र दुकानातली गाडी नेऊन दिलीत."

काकांनी हातातली गाडी टेबलावर ठेवली. मग त्यांनी चाळीस खणांची पेटी उघडली. एक खण, दुसरा खण, दहावा खण. सगळे काही स्वच्छ, सगळे काही नवे. शेवटी त्यांनी स्टूल ओढले, वर चढले आणि माझ्यावरची धूळ फुंकली. माझे झाकण त्या दिवशी किंचाळले ते आनंदाने. काकांनी माझ्या तळाशी हात घातला आणि ती बिघडलेली, टपाला चीर गेलेली गाडी बाहेर काढली. तीच घडण, तीच दारे आणि रंग राखाडी अस्तराचा.

"मिळालं!" काका लहान मुलासारखे ओरडले. माझा जीव पत्र्यात मावेना.

त्यांनी नव्या गाडीचे एक निळे दार कापून काढले आणि तिथे माझ्यातले राखाडी बसवले. मागच्या चाकाची टोपी काढून टाकली, कारण ताईंच्या गाडीची कधीच हरवली होती. एरियल वाकवले. मागच्या सीटवर ठिगळ लावले. बंपरचे एक टोक तारेने बांधले. रंगाची झिलई कापडाने घासून काढली. रोज संध्याकाळी ती गाडी थोडी जुनी होत होती आणि काकांचा चेहरा थोडा उजळत होता.

शेवटी उजवे मडगार्ड उरले. काकांनी ते आतून घासून पातळ केले, म्हणजे गरम हत्यार टेकवले की सहज आत जाईल. हत्यार तापवले. जवळ नेले. आणि तसेच खाली ठेवले.

"काय झालं?" काकूंनी विचारले.

"हा पोचा नको."

"खांबाचा? तोच तर साऱ्या भांडणाचं मूळ आहे."

"म्हणूनच नको. मी तो काढला तर ती म्हणेल, भेट आणलीस की टोमणा मारायला आलास?"

"आणि नाही काढलात तर?"

"तर म्हणेल, याही वेळी माझी गाडी नाही." काकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तिनं पुन्हा परत केली तर मी तिसऱ्यांदा जाणार नाही. माझ्यात तेवढं बळ नाही."

काकूंनी तापलेले हत्यार उचलून बाजूला ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मडगार्ड गुळगुळीतच होते. पेटीच्या खणात गाडी मावली नसती, म्हणून काकांनी मला पुसले, आत कापूस घातला आणि गाडी माझ्या पोटात ठेवली. मित्रांनो, मी आयुष्यात पहिल्यांदाच एक पुरी झालेली गाडी सांभाळत होतो. काकांनी मला दोन्ही हातांनी छातीशी धरले होते. सगळी वाट त्यांनी मला एकदाही कलू दिले नाही.

ताई स्वयंपाकघरात होत्या. काकांनी मला टेबलावर ठेवले, झाकण काढले आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. काकू दाराशीच थांबल्या. ताईंनी गाडी उचलली आणि डाव्या डोळ्याजवळ नेली. आधी त्यांना राखाडी दार दिसले. त्यांच्या ओठांची कड हलली. मग त्यांनी बोटाने चाकाची उघडी जागा चाचपली, वाकडे एरियल चाचपले, बंपरची तार चाचपली. खिडकीतून आत डोकावल्या आणि ठिगळ पाहून "अगं बाई" म्हणाल्या. गाडी हळूहळू फिरत फिरत उजव्या कोपऱ्याशी आली. त्यांचे बोट गुळगुळीत मडगार्डावर थांबले.

काकूंनी काकांकडे पाहिले. 

"इथे खांब राहिला," ताई म्हणाल्या. काकूंकडे बघून नव्हे, सरळ काकांकडे बघून.

"माहीत आहे," काका पुटपुटले.

"मग केला का नाहीस?"

"तुला लागेल म्हणून."

ताईंनी गाडी खाली ठेवली. "कसा करतात तो?"

"काहीतरी गरम टेकवायचं. चमच्याचा दांडासुद्धा चालेल. पण हलक्या हातानं."

ताई उठल्या. त्यांनी चमचा घेतला, त्याचा दांडा शेगडीवर धरला आणि टेबलाशी येऊन बसल्या. तीस वर्षे सुया टोचलेला तो हात होता, जराही कापला नाही. त्यांनी दांडा मडगार्डावर टेकवला आणि दाबला. प्लॅस्टिक मऊ होऊन आत गेले. रंगाला एक बारीक सुरकुती पडली, अगदी खऱ्यासारखी.

"अजून थोडा," काका म्हणाले.

"काही नको. एवढाच होता."

"मोठा होता, ताई. मी मोजलाय."

"मोजलायस? म्हणजे खांबाला गाडी लागली आणि तू पट्टी काढलीस?" ताई हसू लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चमचा बाजूला ठेवला. "मला तो खांब दिसलाच नाही रे. आणि दिसत नाही हे मला आधीपासून माहीत होतं. म्हणून तर त्या तक्त्याची उजळणी करून गेले होते. मला आता रोज वाटतं, तिथे खांबाच्या जागी एखादं मूल उभं असतं तर?"

काका भिंत सोडून पुढे आले आणि त्यांच्याजवळ बसले.  त्यांनी नुसता बहिणीचा हात धरला.

"दुसरा तक्ता मागितलास तेव्हा तुझा फार राग आला होता," ताई म्हणाल्या. "अजून थोडा आहे. पण तो राहू दे. गुरुवारी बाजाराला चालत जायचं. आणि तू माझ्या उजव्या बाजूनं चालायचंस. तिकडचं मला दिसत नाही."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. मी आता ताईंच्या खिडकीत असतो. गाडी माझ्या झाकणावर उभी आहे, त्या पुसलेल्या हरणांच्या जागी. येणारेजाणारे विचारतात की हिला रंग का देत नाही, हा पोचा का काढत नाही. तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, ठिगळ लावलेली, एका कोपऱ्यात वाकलेली. तिला टाकण्याआधी किंवा चकचकीत करण्याआधी ती ज्याची आहे त्याला एवढे विचारा, की हे कसे झाले? आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. कधीकधी उत्तराला फार दिवस लागतात.

दर गुरुवारी मी खिडकीतून बघतो. ताई पिशवी घेऊन निघतात आणि काका त्यांच्या उजवीकडे असतात. फाटक अरुंद आहे, दोघे एका वेळी जेमतेम मावतात. खरे तर काकांनी मागे थांबून ताईंना पुढे जाऊ द्यावे. पण ते थांबत नाहीत. ते अंग चोरतात, खांबाकडे पाठ करतात आणि खांब व ताई यांच्या मधून बाहेर पडतात.